नवरा डॉक्टरांसमोर "एकदम ठीक" असतो. मी तोंड उघडावं का?

सांजदिवा:
नमस्कार. नेहमी वाचून निघून जाते, लिहायची वेळ पहिल्यांदाच.

नवऱ्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तिसरी स्टेज. ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली. आता ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू आहेत, तीन-तीन आठवड्यांच्या सायकली. निम्म्याहून जास्त झाल्यात.

सुरुवातीला गार वस्तूला हात लागला की झिणझिण्या यायच्या, गार पाणी प्यायलं की घशात टोचायचं. असं होणार हे आधी सांगितलं होतं आणि काही दिवसांत ते जायचंही. पण हल्ली ते जातच नाही. बोटांची टोकं बधिर. शर्टाचं वरचं बटण मी लावते. तो आधी स्वतः खटपट करतो, बोटं बटणावरून घसरतात, मग शर्ट काढून टी-शर्ट घालतो आणि म्हणतो, उकडतंय. परवा बाहेरून आत आला तर एका पायात चप्पल नव्हती. कुठे निघाली, कधी निघाली, पत्ता नाही.

तपासणीत डॉक्टर विचारतात, "मुंग्या वगैरे?" हा म्हणतो, "थोड्या. चालायचंच." डॉक्टर मान हलवतात, रक्ताचे रिपोर्ट बघतात, पुढची सायकल लिहितात. एकदा मी "बटण..." एवढंच म्हणाले, तर त्याने असं बघितलं की पुढचं बोलणं राहिलंच.

कारण घरी आल्यावर कळलं. सांगितलं तर डोस कमी करतील आणि डोस कमी केला तर आजार उलटेल, अशी त्याची भीती आहे. "बोटं गेली तर गेली, मी तर राहीन ना." यावर काय बोलणार?

शरीर त्याचं, निर्णय त्याचा, हे मला मान्य आहे. पण त्याची बटणं पुढे जन्मभर मला लावायची आहेत. त्याच्या मनाविरुद्ध मी डॉक्टरांना सांगावं का? आणि सांगायचं तर कसं?

भिंगरी७:
सांगा. पुढच्या सलाईनच्या आधी सांगा. बाकी चर्चा नंतर.

तिरकस:
साध्या सर्दीत मृत्युपत्राची भाषा करणारी आमची जमात केमोत एकदम "फर्स्ट क्लास" कशी होते, हा संशोधनाचा विषय आहे.
गंमत सोडा. त्याच्या भीतीत तथ्य आहे का, ते आधी शोधा. नुसतं "सांग सांग" म्हणून नाही सांगणार तो. मीही नसतं सांगितलं.

परिचारिका:
ताई, मी बरीच वर्षं केमोच्या डे केअरमध्ये काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डॉक्टर "मुंग्या?" विचारतात तेव्हा त्यांच्या डोक्यात एक मोजपट्टी असते. प्रत्येक साइड इफेक्टला ग्रेड असते. नसांच्या त्रासात पहिली ग्रेड म्हणजे जाणवतं, पण काही अडत नाही. दुसरी म्हणजे फोन वापरणं, पैशांचे व्यवहार, खरेदी असली कामं अडायला लागली. तिसरी म्हणजे आंघोळ, कपडे घालणं, जेवणं ही स्वतःची कामंच अडली. तुमच्या नवऱ्याचं "थोड्या, चालायचंच" फाइलमध्ये पहिल्या ग्रेडला जातं. "शर्टाचं बटण लावता येत नाही, बायको लावते" हे वाक्य गेलं तर ते दुसरी-तिसरीच्या घरात जातं, आणि तिथे औषधाचा निर्णय बदलतो.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी दिसतात, प्लेटलेट दिसतात, लिव्हर-किडनी दिसते. बधिर बोटं कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाहीत. सांगितली तरच कळतात. त्यामुळे "डॉक्टरांना काय कळत नाही का" हा युक्तिवाद इथे लागू नाही.

दुसरं, आणि हे तुमच्या नवऱ्याला मुद्दाम वाचून दाखवा. ऑक्सॅलिप्लॅटिन बंद केल्यावर हा त्रास लगेच उतरत नाही. बऱ्याच जणांचा पुढचे काही महिने वाढतो आणि मग उतरायला लागतो. म्हणजे आज जे दिसतंय त्याच्या पुढचं अजून यायचं असू शकतं. "अगदीच सहन होईना की सांगू" हे गणित या औषधाला चालत नाही.

कसं सांगायचं: भेटीच्या आदल्या दिवशी केमो युनिटला फोन करा, किंवा सलाईन लावण्याआधी नर्स वजन-बीपी घेते तेव्हा तिला सांगा. एकदा सलाईन सुरू झालं की त्या सायकलीपुरता विषय संपला.

सांजदिवा:
@परिचारिका, बंद केल्यावरही वाढतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि त्या पहिल्या दिवशीच्या गोंधळात डोक्यात गेलं नसेल.

शंकासुर:
त्याची भीती आकड्यांवर तपासून बघू. नेमक्या याच विषयावर, म्हणजे तिसऱ्या स्टेजच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला ऑपरेशननंतर ऑक्सॅलिप्लॅटिनवाली केमो तीन महिने द्यावी की सहा, यावर सहा चाचण्या एकत्र करून मोठा अभ्यास झाला. 'आयडिया' नावाने ओळखतात, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, १२,८३४ पेशंट. तीन वर्षांनंतर आजाराशिवाय जिवंत असलेले: सहा महिनेवाले ७५.५ टक्के, तीन महिनेवाले ७४.६ टक्के. तुमच्या नवऱ्याला चालू आहे त्या सलाईन-गोळ्या जोडीत तर तीन महिनेवाले किंचित वरच होते, ७५.९ विरुद्ध ७४.८. आणि नसांचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास? त्याच जोडीत सहा महिनेवाल्यांत ४४.९ टक्के, तीन महिनेवाल्यांत १४.२.
थोडक्यात, नवरोबांचा "बोटं द्या, आयुष्य घ्या" हा सौदा वाटतो तितका सरळ नाही.

नाडीवैद्य:
शंकासुर, आकडे बरोबर आहेत, पण तिथेच थांबू नका. (मी फिजिशियन आहे, कॅन्सरतज्ज्ञ नाही.) सगळे पेशंट एकत्र धरले तर "तीन महिने कमी पडत नाहीत" हे त्या अभ्यासात ठरवलेल्या निकषावर सिद्ध झालं नाही. सलाईन-गोळ्या जोडीत झालं. शिवाय गाठ आतड्याच्या सगळ्यात बाहेरच्या आवरणातून पार गेलेली किंवा शेजारच्या अवयवात शिरलेली असेल, किंवा चार व त्याहून जास्त लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड) आजार सापडला असेल, तर तो जास्त धोक्याचा गट. तिथे डॉक्टर सहा महिन्यांकडे झुकतात. त्यामुळे ताईंनी हा अभ्यास डॉक्टरांच्या टेबलावर आपटू नये. एवढंच विचारावं: "आमचा गट कमी धोक्याचा की जास्त? आणि त्या गटात ऑक्सॅलिप्लॅटिन इथे थांबवलं तर काय फरक पडेल?"

आणखी एक. डोस कमी म्हणजे सगळं बंद, असं नसतं. ऑक्सॅलिप्लॅटिनची मात्रा कमी करता येते, किंवा तेवढंच थांबवून गोळ्या पूर्ण करता येतात. नवऱ्याच्या मनात "सगळं किंवा काहीच नाही" असं असेल तर ते आधी काढा.

आता माझ्या पेशाची खोड. बधिरपणा म्हणजे केमोच, असं गृहीत धरू नका. शुगर आहे का? मेटफॉर्मिन चालू आहे का? त्याने बी-१२ कमी होऊ शकतं आणि बी-१२ कमी असलं तरी हातपाय असेच बधिर होतात. साध्या रक्ततपासणीत कळतं. आणि पायांतली ताकदच कमी वाटली, पाठीत नवीन दुखणं आलं किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल.

हितचिंतक:
माझ्या मावसभावाने अशा वेळी नसांसाठी एक सप्लिमेंट घेतलं होतं, अॅसिटिल एल-कार्निटिन. सोबत बी-६ च्या हाय डोस गोळ्या. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नाव कळवतो.

औषधमात्रा:
व्यनि नको, इथेच बोलू. मी फार्मासिस्ट.
अॅसिटिल एल-कार्निटिनची टॅक्सेन गटातली केमो घेणाऱ्या स्त्रियांवर रीतसर चाचणी झाली. नसांचा त्रास टाळण्यासाठी दिलं आणि ज्यांना दिलं त्यांचा त्रास न दिलेल्यांपेक्षा जास्त निघाला. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत ते देऊ नका असंच म्हटलंय. बी-६ जास्त मात्रेत बराच काळ घेतलं तर ते स्वतःच नसा बिघडवतं. आणि कॅपेसिटाबिन चालू असताना फॉलिक अॅसिडच्या गोळ्या मनाने घेतल्या तर त्या औषधाचे दुष्परिणाम वाढू शकतात. मल्टिव्हिटॅमिनमध्येही फॉलिक असतं, डबीमागचं बारीक वाचा. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर कॅपेसिटाबिनबरोबर तिचा परिणाम धोकादायक वाढतो. घरात जे जे पोटात जातंय त्याची यादी डॉक्टरांकडे हवीच.
दुखत असेल तर ड्युलोक्सेटिन नावाचं औषध आहे, चाचणीत उपयोग दिसलाय. पण वेदनेला. नुसत्या बधिरपणाला त्याचा फारसा भरवसा नाही. तेही डॉक्टरांनीच लिहून द्यायचं.

हितचिंतक:
बरं बाबा. मी आपलं चांगल्या हेतूने म्हणालो.

तिरकस:
अवांतर: पेशंटच्या घरी हेतू चांगला नसलेला माणूस अजून कुणी पाहिलाय का?

दुसराडाव:
मी पलीकडच्या खुर्चीतली, म्हणजे पेशंट. (ब्रेस्ट कॅन्सर, पॅक्लिटॅक्सेल घेतलंय, त्यामुळे बधिर तळवे काय असतात ते माहीत आहे.) म्हणून जरा विरोधी सूर लावते.

माझा नवरा माझी बाजू फार जोरात मांडायचा. डॉक्टर मला विचारायचे, उत्तर हा द्यायचा. "झोप लागते का?" "हो, घोरते मस्त." घोरते कसली, रात्रभर छताकडे बघत असायचे. त्याने फोनमध्ये माझ्या शरीराची डायरी ठेवली होती. किती वाजता मळमळ, किती वेळा शौच. ती तो डॉक्टरांपुढे धडाधडा वाचायचा. सगळं खरं होतं. पण मला वाटायचं, आधी आजाराने शरीर घेतलं, आता उरलेलं याने घेतलं.

त्यामुळे सांजदिवा, गुपचूप फोन करू नका. उद्या त्याला कळलं, आणि कळतंच, तर तो तुमच्यापासूनही लपवायला लागेल. मग तुमच्याकडे सांगायलाच काही उरणार नाही.

आमचा तह असा झाला: भेटीआधी बाहेर बाकावर बसून आम्ही तीन गोष्टी ठरवायचो. त्या मी सांगायच्या, माझ्या शब्दांत. मी एखादी गाळली तर त्याला एकच वाक्य बोलायची मुभा: "अजून एक होतं ना?" बस. आश्चर्य म्हणजे तेवढं पुरायचं.

भिंगरी७:
@दुसराडाव, प्रतिसाद पटला आणि नाहीही पटला. तुम्ही सांगायला तयार होतात, फक्त तुमच्या तोंडून. यांचा नवरा सांगायलाच तयार नाही. तह कुणाशी करणार?

आणि गुपचूप का नको? नसा गेल्या तर परत येतील का, ही खात्री आहे?

नाडीवैद्य:
खात्री नाही, पण अगदी अंधारही नाही. ऑक्सॅलिप्लॅटिन ज्या चाचणीमुळे प्रचलित झालं तिच्यात उपचारादरम्यान तीव्र त्रास १२.४ टक्के लोकांना झाला होता. उपचार संपल्यावर वर्षभराने तितका तीव्र त्रास १ टक्क्याच्या आसपास उरला. सौम्य बधिरपणा मात्र काहींना वर्षानुवर्षं राहतो. सुतारकाम, शिवण, वाद्यवादन, टायपिंग यावर ज्यांचं पोट आहे त्यांना "सौम्य" हा शब्द डॉक्टरांनी जरा जपून ऐकवावा.

परिचारिका:
गुपचूप फोनबद्दल. नातेवाइकांचा फोन आला तर आम्ही ऐकून घेतो. पेशंटची माहिती त्यांना देण्यावर बंधन असतं, त्यांच्याकडून ऐकण्यावर नाही. पण मग ते पेशंटलाच विचारावं लागतं आणि "तुमच्या मिसेसचा फोन आला होता" हे कधीतरी निसटतंच. म्हणून दुसराडाव म्हणतात ते बरोबर, सांगून करा. "तू उद्या बोलला नाहीस तर मी बोलणार आहे" असं आधी तोंडावर सांगणं वेगळं आणि पाठीमागून करणं वेगळं.

पण याला अपवाद आहे आणि तो मी पोटतिडकीने सांगते. ताप. केमो चालू असताना ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट लागलं की परवानगी, तह, बाक, काही नाही. थेट फोन, थेट हॉस्पिटल, मध्यरात्र असली तरी. पांढऱ्या पेशी बहुधा सलाईननंतरच्या दुसऱ्या आठवड्यात तळाला असतात आणि त्या वेळचं इन्फेक्शन काही तासांत जिवावर बेततं. आधी पॅरासिटामॉल देऊन "बघू उतरतो का" करू नका. ताप झाकला जातो, इन्फेक्शन तिथेच असतं. "उगीच त्रास कशाला द्यायचा डॉक्टरांना" म्हणून सकाळपर्यंत थांबलेली माणसं मी बघितली आहेत.

गोधडी:
माझ्या बायकोचं वेगळं होतं, केमो नव्हे, इम्युनोथेरपी. पेम्ब्रोलिझुमॅब. तरी लिहितो, कारण माझी अडचण उलटी होती: बायको सांगत होती, पलीकडे कुणी ऐकत नव्हतं.

तिला जुलाब सुरू झाले. जवळच्या डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक दिलं. फरक नाही. जिथे उपचार चालू होते तिथल्या रात्रपाळीच्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "केमो थोडीच चालू आहे? इम्युनोने असं नाही होत. नॉर्मल आहे." मी विचारलं, "नॉर्मल म्हणजे धोका नाही, की उपाय नाही?" तो गप्प. मग मी नुसते आकडे दिले. रोज किती वेळा जायची, आता किती वेळा जाते, रात्री किती वेळा उठते, रक्त आहे का, पोट दुखतं का. आणि म्हटलं, "हा कोलायटिस नाही असं तुमचं मत असेल तर तुमच्या नावासकट फाइलमध्ये लिहा, मी सकाळी येऊन बघतो." दहा मिनिटांत मोठ्या डॉक्टरांचा फोन आला.

तो कोलायटिसच होता, म्हणजे मोठ्या आतड्याची सूज. या औषधांत प्रतिकारशक्ती मोकाट सुटते आणि आपल्याच आतड्यावर, फुप्फुसावर, थायरॉइडवर, लिव्हरवर उलटू शकते. उपाय बहुतेक वेळा स्टिरॉइड, आणि वेळेत दिलं तर उतरतं. नंतर ते स्टिरॉइड हळूहळू कमी करण्यात बरेच आठवडे गेले.

ज्यांच्या घरी इम्युनोथेरपी आहे त्यांनी लक्षात ठेवा, शेवटच्या डोसनंतर कित्येक महिन्यांनीही हे होऊ शकतं. तोवर आपण विसरलेलो असतो आणि समोरच्या नवीन डॉक्टरांना तर माहीतच नसतं. औषधाचं नाव लिहिलेलं कार्ड मिळतं, ते पाकिटात हवं.

तिरकस:
"नॉर्मल म्हणजे धोका नाही, की उपाय नाही?" हे वाक्य मी चोरतोय. बँकेत, सोसायटीत, सगळीकडे चालेल.

वाचनमात्र:
थोडं विषयांतर. माझी बायको केमोनंतरचे दोन दिवस भयंकर चिडते. रात्री दोनला कपाटं आवरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम रडवेली. हा साइड इफेक्ट की मनाचं? डॉक्टरांना विचारायला लाज वाटते, उगाच बायकोची चुगली केल्यासारखं.

परिचारिका:
उलटीसाठी डेक्सामेथासोन दिलं असेल, सलाईनमधून किंवा गोळ्या. स्टिरॉइड आहे. झोप उडते, चिडचिड होते, काहींना उगाच हुरूप येतो आणि बंद झाल्यावर मन खाली बसतं. शुगरही वाढते. विचारा बिनधास्त. गोळ्या सकाळच्या वेळेला घेणं, मात्रा कमी करणं, असं काही ना काही करता येतं. आणि बायकोला विचारून विचारा, तिलाही कळत नसेल हे काय होतंय ते.

वाचनमात्र:
आभार. कपाटं मात्र सुरेख आवरली गेलीत.

शंकासुर:
सांजदिवा यांच्या मूळ प्रश्नाकडे. "सांगितलं तर आयुष्य कमी होईल" या भीतीला एक उत्तर राहिलं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये केमो चालू असलेल्या ७६६ पेशंटांची चाचणी झाली. काहींची नेहमीसारखी तपासणी. उरलेल्यांनी आपली लक्षणं नियमितपणे संगणकावर भरायची, एखादं बिघडलं की नर्सला सूचना जायची. २०१७ मध्ये आलेला निष्कर्ष: लक्षणं कळवणाऱ्या गटात जगण्याचा मध्यांक (म्हणजे निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले तो काळ) ३१.२ महिने, नेहमीच्या गटात २६. पसरलेल्या कॅन्सरचे पेशंट होते, म्हणजे तुमची परिस्थिती वेगळी आणि त्यापेक्षा बरी. पण त्या गटाला नवं औषध कुठलंच दिलं नव्हतं. काय होतंय ते वेळच्या वेळी सांगितलं, एवढाच फरक.

सांजदिवा:
सगळ्यांचे आभार. एक सांगायचं राहिलं, मी त्याला हा धागा वाचायला दिला. दुसराडाव यांनी "गुपचूप फोन करू नका" म्हटल्यावर लपवून ठेवणं बरं वाटेना.

आधी चिडला. "माझ्या चपला जगभर केल्यास." मग तिरकस यांचं सर्दीवालं वाचून हसला. मग बराच वेळ परिचारिका आणि शंकासुर यांचे प्रतिसाद वर-खाली करत बसला. रात्री म्हणाला, "त्यांना गट विचारायचा म्हणतायत तो विचारू." बाकी काही नाही.

दुसराडाव, तुमचा तह सांगितला. तो म्हणाला, तोंडी नको, मी लिहून नेतो. सकाळी कागद टेबलावर होता. तीन ओळी. काय लिहिलंय ते मी नंतर वाचलं, आधी अक्षरच दिसलं. याचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं, ऑफिसात फलक लिहायला यालाच बोलवायचे. कागदावर "बटण" मधला ट रेघ सोडून खाली आला होता आणि पेन इतकं दाबलं होतं की मागच्या बाजूने बोट फिरवलं तर अक्षरं लागत होती. पेन हातात आहे की नाही हे कळायला त्याला तेवढं दाबावं लागतंय.

परवा भेट आहे.

दुसराडाव:
तो कागद तोच देऊ दे. तुम्ही नाही.

परिचारिका:
आणि पेन-कागद आत बरोबर न्या. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही लिहा. शक्य असेल तर निघण्याआधी त्यांनाच वाचून दाखवा: "मी असं समजले, बरोबर ना?" निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

सांजदिवा:
जाऊन आलो.

त्याने कागद पुढे केला. डॉक्टरांनी वाचला, मग मजकूर सोडून अक्षराकडेच बघत राहिले. जुन्या फॉर्मवरची त्याची सही काढली, शेजारी धरली. मग टेबलावर एक नाणं ठेवलं आणि म्हणाले, उचला. नवऱ्याने ते सरकवत सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत नेलं आणि खाली पडता पडता तळव्यात झेललं. "असं उचलतो मी हल्ली," म्हणाला. माझ्याकडे न बघता.

ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवलं. गोळ्या ठरल्याप्रमाणे पूर्ण करायच्या. गट विचारला, कमी धोक्याचा निघाला. डॉक्टर म्हणाले, या औषधाचा जो काही फायदा मिळायचा तो बहुतेक पदरात पडलेला आहे. बी-१२ आणि शुगरही तपासायला दिलं. आणि परिचारिका म्हणाल्या तसंच तेही म्हणाले, पुढचे दोन-चार महिने वाढेल, घाबरू नका, पण कळवत राहा. मी डॉक्टरांना विचारलं की हे आधी का नाही विचारलंत. ते म्हणाले, विचारलं होतं. तेही खरंच.

नवरा खूश आहे असं समजू नका. येताना गाडी चालवताना एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर म्हणाला, "उद्या परत आलं तर तुझा धागा काय करणार आहे?" मी म्हटलं, माहीत नाही. अजून घुश्शातच आहे. पण आज सकाळी शर्ट घेऊन स्वतःहून समोर उभा राहिला.

भिंगरी७:
बरं वाटलं वाचून. राग उतरेल. नाही उतरला तरी चालेल.

दुसराडाव:
"उद्या परत आलं तर" हे तो तुमच्याशी बोलला, मोठ्याने. एवढे दिवस एकटाच बोलत असणार ते स्वतःशी.

परिचारिका:
थांबा थांबा. सगळे अभिनंदन करताय, माझं एका वाक्यावर अडलंय. "येताना गाडी चालवताना"? गाडी तो चालवत होता? ज्याला पायातली चप्पल निघाली ते कळत नाही, तो?

तिरकस:
अरे देवा. एवढे मोठमोठे प्रतिसाद आणि हे कुणालाच सुचलं नाही.

नाडीवैद्य:
परिचारिका यांना शंभर मार्क. तळवे बधिर असताना ब्रेकवर पाय आहे की अॅक्सिलरेटरवर, किती दाब पडतोय, हे कळत नाही. डॉक्टर तपासून हो म्हणेपर्यंत चालवणं बंद. दुचाकी तर अजिबात नाही. आणि घरातसुद्धा मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. अनवाणी नको. रोज रात्री तळपाय उजेडात बघायचे, काही लागलं असेल तर त्याला कळणार नाही. आंघोळीचं पाणी हातापायांनी नव्हे, कोपराने बघायचं, किंवा तुम्ही बघायचं. कॅपेसिटाबिन चालू राहणार आहे, त्याने तळहात-तळपाय लाल होऊन सोलले जातात, तेही याच वेळी दिसेल. क्रीम लावत राहा, आणि दुखायला लागलं, फोड आले तर गोळ्या रेटत बसू नका, फोन करा.

सांजदिवा:
गाडीचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. किल्ली घेतली काढून. पट्ट्याची चप्पल आजच आणते.

आता मी चालवते आणि तो शेजारी बसून सांगतो, ब्रेक उशिरा मारतेस.

तिरकस:
बोटं बधिर, जीभ शाबूत. डॉक्टरांना कळवायचं का?